ताटात काय वाढायचं? एका शेतीशाळेचं २०११ साल

जपानच्या तोचिगी प्रांतात, नासूच्या पठारावर, ऑक्टोबर संपताना पानगळ सुरू होते. ओक आणि चेस्टनटच्या झाडांखाली गुडघाभर पाचोळा साचतो. सेंद्रिय शेती करणाऱ्याला यापेक्षा मोठी दौलत नाही. तो गोळा करायचा, भाताच्या कोंड्यात आणि कोंबडीखतात मिसळायचा, कुजवायचा आणि वसंतात वाफ्यात घालायचा. २०११ च्या शरद ऋतूत मात्र त्या भागात रानातला पाचोळा शेतात आणणं म्हणजे शेत बिघडवणं ठरलं. मार्चमध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेतून वाऱ्याबरोबर आलेलं किरणोत्सारी सीझियम पावसाबर्फाबरोबर खाली उतरलं, तेव्हा पानझडीची झाडं बोडकी होती. ते थेट जमिनीवरच्या जुन्या पाचोळ्यावर बसलं आणि तिथेच राहिलं.

या पठारावर एक आंतरराष्ट्रीय शेतीशाळा आहे. इंग्रजीत ती एशियन रूरल इन्स्टिट्यूट, जपानीत आजिआ गाकुइन. जे पिकवायचं तेच सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, यावर तिचा सारा डोलारा उभा आहे. ज्या मातीवर हे एकत्र जेवण टिकून आहे तीच संशयास्पद झाली, तर एकत्र राहण्याचं काय होतं, हा या प्रकरणाचा विषय. मला ते महत्त्वाचं वाटतं याचं एक कारण घरचं आहे. आपल्याकडे 'निवासी प्रशिक्षण' म्हटलं की तीन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्ता, गटचर्चा, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. एकत्र राहणं हाच अभ्यासक्रम असू शकतो, हे आपण भाषणात म्हणतो. जिथे ते खरोखर केलं जातं, तिथे संकट आल्यावर काय मोडतं आणि काय टिकतं, हे बघायला मिळतं.

शाळा

संस्थापक तोशिहिरो ताकामी. जन्म १९२६. लहानपणी झेन मठात शिकले, युद्धात नौदलात गेले. युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत एका अमेरिकन मिशनऱ्याच्या घरी स्वयंपाकी म्हणून लागले आणि तिथेच ख्रिस्ती झाले. पुढे अमेरिकेत शिकून धर्मोपदेशक होऊन परतले. पोटापाण्यासाठी स्वयंपाकी झालेल्या माणसाने पुढे काढलेल्या शाळेत स्वयंपाकघर मध्यभागी असावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

शाळेचं मूळ टोकियोजवळ आहे. माचिदा शहरातल्या त्सुरुकावा इथे ग्रामीण भागात काम करणाऱ्या धर्मोपदेशकांचं एक विद्यालय आहे. तिथे १९६० मध्ये आग्नेय आशियातल्या ग्रामीण कार्यकर्त्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला. १९७० च्या चक्रीवादळानं उद्ध्वस्त झालेल्या बंगालच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ताकामी मदतकार्यासाठी गेले होते. मदतीची पोती येतात आणि संपतात, गावात राहून गाव उभं करणारी माणसं मात्र कमी पडतात, हे तिथे दिसलं. १९७३ मध्ये स्वतंत्र शाळा उभी राहिली, तीही राजधानीपासून दूर, नासूच्या पायथ्याशी. १९९६ मध्ये ताकामींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते गेले.

जागेची निवडही बोलकी आहे. नासूचं पठार म्हणजे नद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा पंखा, पाणी झिरपून जाणारा. १८८५ मध्ये नासू कालवा झाला आणि मग या माळरानावर वस्ती वाढली. आज नासुशिओबारा हा होन्शू बेटावरचा दुधाचा सर्वांत मोठा तालुका, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. कालवा येण्याआधी इथे भात पिकेल असं कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

सुमारे सहा हेक्टर जमीन. एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिन्यांचं प्रशिक्षण. दर वर्षी पंचवीस-तीस जण आशिया, आफ्रिका, पॅसिफिक बेटं आणि लॅटिन अमेरिकेतून येतात. आपल्या नागालँड-मणिपूरकडचेही बरेच जण इथून शिकून गेले आहेत. त्यांना 'विद्यार्थी' म्हणत नाहीत, 'सहभागी' म्हणतात. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यामागे एक अट आहे. प्रत्येक जण आपल्या गावात काम करणाऱ्या संस्थेनं पाठवलेला असतो आणि त्याला तिथेच परत जायचं असतं. पदवी मिळत नाही, जपानमध्ये नोकरी मिळत नाही. आजवर १३०० हून अधिक जण अशा रीतीने आपापल्या मुलखात परतले आहेत.

पाळी आणि पंगत

सकाळी रेडिओच्या तालावरचा व्यायाम, जो जपानमधलं शाळकरी पोर आणि निवृत्त आजोबा दोघंही करतात. मग झाडलोट. मग न्याहारीआधी शेताचं आणि जनावरांचं काम, संध्याकाळी पुन्हा तेच. या कामाला शाळेनं स्वतःचा शब्द बनवला आहे: 'फूडलाइफ'. अन्न आणि जगणं हे दोन वेगळे शब्द नकोत म्हणून जोडून एकच केला. डुकरांना खाद्य, कोंबड्यांची अंडी, भाजीची तोड, स्वयंपाकघरातली चिराचिरी, भांडी या सगळ्याच्या पाळ्या लागतात. संचालकही त्यात असतो, जर्मनीहून आलेला अठरा-वीस वर्षांचा स्वयंसेवकही असतो आणि घानाहून आलेला, आपल्या गावात ज्याच्यापुढे लोक उठून उभे राहतात असा पाद्रीही असतो.

खरी रगड इथेच आहे. गावाकडे ज्याने पंचवीस वर्षं हुकूम सोडले, त्याला डुकराचं खुराडं साफ करायला लावायचं. सहभागींचे गट केलेले असतात, प्रत्येक गटाला शेताचा तुकडा आणि जनावरं वाटून दिलेली असतात, आणि गटाचं नेतृत्व फिरतं असतं. आज जो सांगणार तो उद्या ऐकणार. सेवक-नेतृत्व असं गोंडस नाव या कल्पनेला आहे. प्रत्यक्षात ते म्हणजे सकाळच्या थंडीत हातात फावडं आणि गटप्रमुख वयानं दहा वर्षं लहान.

भाषा इंग्रजी, पण कुणाचीच धड नाही. मला हा दोष न वाटता गुणच वाटतो. सगळे सारखेच अडखळतात, त्यामुळे चांगलं बोलणारा आपोआप पुढारी होत नाही. रोज सकाळच्या सभेत पाळीनं एक जण उभा राहतो आणि आपलं काहीतरी सांगतो: गावातला दुष्काळ, मुलीचं आजारपण, जमिनीचा खटला. ऐकणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती जास्त असले तरी बौद्ध, मुस्लिम, हिंदूही असतात. शाळा डुकरं पाळते, सॉसेज बनवते, आणि त्याच पंगतीला डुक्कर वर्ज्य असणारा माणूस बसतो. कोंबडी मारायलाही सगळ्यांनी शिकायचं असतं, कारण जे खातो ते कुणाच्या हातून मरतं हे माहीत हवं. यावर मतभेद होणारच. एकमत करून ते मिटवता येत नाहीत, वेगळं भांडं ठेवून पंगत एक ठेवता येते. हे आपल्या वारीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

भातलावणी हा पहिला मोठा सोहळा. नासूकडे ती मे महिन्याच्या आसपास असते, पाऊस न पडताही, कालव्याच्या पाण्यावर. चिखलात ओळीनं सगळे उतरतात, बाहेरचे पाहुणेही. मग खाचरात बदकांची पिल्लं सोडतात. आइगामो नावाची ही संकरित बदकं तण उपटतात, किडे खातात, पाणी ढवळून मुळांना हवा देतात आणि लोंब्या यायला लागल्या की बाहेर काढली जातात, नाहीतर भातच खातील. जुन्या जपानी खेड्यात लावणीसाठी घराघरानं एकमेकांकडे राबायची 'युई' नावाची रीत होती. आपली सावड हीच, शब्दाशब्दाला तीच. आणि एकाच्या शेतात सगळ्यांनी नांगर घेऊन जायचं आणि संध्याकाळी त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं, ती इर्जिक. दोन्ही देशांत पॉवर टिलर आणि मजुरी आली आणि या रीती विरल्या. इथे त्या अभ्यासक्रम म्हणून परत आणल्या आहेत. थोडं कृत्रिम आहे, मान्य. पण पाय चिखलात असतात ते खरेच.

वर्षाचा कळस म्हणजे ऑक्टोबरमधला सुगीचा उत्सव. सहभागी आपापल्या देशाचे कपडे घालतात, आपल्या घरचे पदार्थ रांधून टपऱ्या लावतात, नाचतात, गातात. आजूबाजूच्या गावांतले, टोकियोहून येणारे, जुने स्वयंसेवक अशी गर्दी होते. टपरीवर मिळतं त्यातलं बरंचसं शाळेच्या शेतातलं असतं. त्या दोन दिवसांत शाळा बाहेरच्या लोकांना वाढते. मला हा उत्सव नाचगाण्यांसाठी मोठा वाटत नाही. वर्षभर आपण एकमेकांना जेवू घालतो आणि आज गावाला, हा त्याचा अर्थ आहे. आणि म्हणूनच २०११ चा पेच या उत्सवाच्या मुळालाच लागतो.

मार्च

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी २.४६. ९.० मॅग्निट्यूडचा भूकंप. नासुशिओबारा समुद्रापासून आत आहे, त्सुनामीचा प्रश्न नव्हता, पण हादरे जबर बसले. शाळेच्या जेवणघराला आणि मुख्य इमारतीला इतकी इजा झाली की त्या पुढे नव्यानं उभाराव्या लागल्या. पुढच्या चार दिवसांत फुकुशिमा दाइइचीच्या अणुभट्ट्यांच्या इमारतींत स्फोट झाले. शाळा तिथून सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. पुणे-मुंबईपेक्षाही जवळ.

वाऱ्याला प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. सरकारला मात्र असतात. तोचिगी म्हणजे फुकुशिमा नव्हे, त्यामुळे उत्तर तोचिगीकडे टीव्हीचं, मदतीचं आणि नंतर माती साफ करण्याच्या पैशाचं लक्ष कमी गेलं. पण २१ मार्चला पालक आणि काकिना नावाच्या पालेभाजीच्या विक्रीवर बंदी आली, त्यात फुकुशिमाबरोबर तोचिगीचंही नाव होतं. पुढे नासुशिओबारा किरणोत्साराची बारकाईनं पाहणी करायच्या भागांत घातलं गेलं. हे भाग ठरवण्याचा निकष होता हवेत ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सार.

सहभागी अजून आले नव्हते. प्रशिक्षण एप्रिलमध्ये सुरू व्हायचं असतं. निर्णय घेणारे शाळेत होते, आणि ज्यांच्याविषयी घ्यायचा ते आपापल्या गावी होते. या प्रकरणातला नैतिक गाभा मला इथे दिसतो.

कर्मचाऱ्यांना पर्याय होता: राहणं, मुलाबाळांना दूर पाठवणं, सोडून जाणं. प्रत्येक जण आपापल्या जिवाची जोखीम स्वतः तोलू शकत होता. पण आफ्रिकेतल्या एखाद्या गावातून ज्याला संस्थेनं पाठवलंय, ज्यानं आयुष्यात किरणोत्सार हा शब्द ऐकलेला नाही, त्याची संमती म्हणजे काय? तो 'येतो' म्हणाला तर ती संमती धरायची का? त्याचं येणं हे त्याच्या गावासाठी नऊ महिन्यांची एकमेव संधी आहे. तो नाही म्हणण्याच्या स्थितीतच नाही.

शाळेपुढे ढोबळ तीन वाटा होत्या. वर्ष रद्द करणं. नेहमीसारखं चालू ठेवणं. किंवा जागा सोडणं. पहिली वाट सगळ्यांत निर्धोक, पण सहभागींच्या दृष्टीनं तो विश्वासघातच झाला असता. दुसरीत एक फसवा अभिमान आहे: आपण इथे रुजलो, म्हणून हलणार नाही. शाळेनं तिसरी निवडली. २०११ चं प्रशिक्षण सुरू झालं ते नासूत नव्हे, त्सुरुकावात, १९६० मध्ये जिथून सगळं उगवलं त्याच विद्यालयात. शाळा माहेरी गेली. काही महिन्यांनी, मोजमाप हाती आल्यावर, ती नासूला परतली.

ही माघार होती, असं कुणी म्हणेल. मला ती या प्रकरणातली सर्वांत शहाणी खेळी वाटते. जोखीम किती आहे हे न कळता ती पाहुण्याच्या अंगावर टाकायची नाही, एवढा एकच नियम तिनं पाळला. बाकी सगळं, म्हणजे आपलं शेत, आपली डुकरं, आपलं जेवणघर, तात्पुरतं बाजूला ठेवलं.

सेंद्रिय शेतीची उलटी फिरलेली बाजू

परतल्यावरचा पेच तांत्रिक आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण सेंद्रिय शेतीबद्दलच्या आपल्या अनेक गोड समजुती इथे अडखळतात.

सीझियम-१३४ दोन वर्षांत निम्मं होतं, सीझियम-१३७ ला तीस वर्षं लागतात. मातीत ते चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं. पिकांच्या मुळांना ते पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणून जमिनीत पालाश, म्हणजे पोटॅशियमचं खत, भरपूर असेल तर पीक सीझियम कमी उचलतं. रासायनिक शेतकऱ्याला हे सोपं आहे: पोटॅशची गोणी आणली, टाकली. सेंद्रिय शेतकऱ्याचा पालाश म्हणजे लाकडाची राख. आणि दूषित रानातलं लाकूड जाळलं की सीझियम धुरात थोडं जातं, बाकीचं राखेत साचतं, मूळ लाकडापेक्षा कितीतरी पट दाट होऊन. किलोला ८००० बेकरेलच्या (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) वर गेलेली राख सरकारी भाषेत 'नेमून दिलेला कचरा' झाली. ज्या पदार्थानं पिकाला वाचवायचं, तोच सर्वांत दूषित.

पाचोळ्याचं तसंच. २०११ च्या ऑगस्टमध्ये खतं आणि खताच्या कच्च्या मालासाठी किलोला ४०० बेकरेलची मर्यादा आली आणि रानातला पाचोळा अनेक ठिकाणी तिच्या कितीतरी वर गेला. भाताचा कोंडा, जो बोकाशी या आंबवून केलेल्या खताचा आत्मा, त्यात पांढऱ्या तांदळापेक्षा सीझियम जास्त असतं. डुकराला कोंडा, डुकराचं खत शेताला, शेताचा भात माणसाला, कोंडा पुन्हा डुकराला. ज्या बंद वर्तुळाचा अभिमान होता, त्याच वर्तुळातून दूषण बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून काही आणायचं नाही हे ब्रीद २०११ मध्ये कुठे सैल करायचं आणि कुठे नाही, हे पीकवार, ढीगवार ठरवावं लागणार होतं.

गंमत अशी, की शाळेच्या अभ्यासक्रमात आशिओची तांब्याची खाण आधीपासून होती. त्याच तोचिगी प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या खाणीच्या विषानं वातारासे नदीकाठची शेती मेली, आणि तानाका शोझो या खासदारानं राजीनामा देऊन १९०१ मध्ये थेट सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज धरला. सहभागी दर वर्षी हा इतिहास शिकत. आता धडा देणारी शाळाच धड्याच्या आत येऊन बसली.

यंत्र मध्यभागी

अन्नासाठी सरकारी मर्यादा आधी किलोला ५०० बेकरेल होती, एप्रिल २०१२ पासून १०० झाली. लोकांचा आकड्यांवरचा विश्वास उडाला होता, आणि एका रात्रीत पाचपट बदलणारा आकडा तो परत आणू शकत नाही. शेतकरी स्वतःची कोबी घेऊन तपासायला कुठे जाणार? शाळेनं २०१२ मध्ये आपल्या आवारात मोजणी केंद्र उघडलं. नाव सरळ: बेकरेल सेंटर. आजूबाजूचे लोक भाजी, तांदूळ, माती, राख आणून मोजून घेऊ लागले, आणि मोजणारेही गावातलेच स्वयंसेवक होते.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस याच पायरीत आहे. मोजणी ही तज्ज्ञाची गोष्ट राहिली असती, तर सामूहिक जीवनात एक नवी उतरंड तयार झाली असती: ज्याला कळतं तो, आणि ज्याला खायचंय तो. इथे मोजणी साध्या माणसांचंच काम राहिली, भांडी घासण्यासारखी. भाजी बारीक चिरायची, डब्यात दाबून भरायची, वजन करायचं, यंत्रात ठेवायची, थांबायचं, आकडा लिहायचा. चिराचिरी तर सगळ्यांनाच येते.

दुसरी गोष्ट, या केंद्रानं शाळेचं गावाशी असलेलं नातं फिरवलं. चाळीस वर्षं शाळा ही परदेशी पाहुण्यांची, इंग्रजी बोलणारी, चर्चची. सुगीच्या उत्सवाला गाव यायचं, जेवायचं, टाळ्या वाजवायचं आणि घरी जायचं. आता गावातला माणूस एकटा, हातात पिशवी घेऊन, एका अडचणीत दार उघडून आत येऊ लागला. उत्सवानं जे जमलं नाही ते एका कोबीनं जमलं, असं मी म्हणेन.

इथे शाळेच्या बाजूनं जास्त बोलतोय असं वाटेल, म्हणून एक आक्षेप नोंदवतो. मोजून खाणं म्हणजे दूषणाबरोबर जगायची सवय लावून घेणं. ज्यांनी ते पसरवलं त्यांच्यावरचा प्रश्न हळूच बाजूला सरकतो आणि घरची बाई तराजू घेऊन बसते. जपानात त्या वर्षांत ही मोजणी बऱ्याच ठिकाणी आयांनी केली, हे काही भूषण नव्हे. तानाका शोझोनं पाण्यातलं तांबं मोजत बसून आयुष्य काढलं नाही, तो सम्राटाच्या गाडीसमोर गेला. शाळेकडे या आक्षेपाचं पूर्ण उत्तर आहे असं मला वाटत नाही. मोजणी आणि जाब विचारणं एकत्र करता येतं, पण दिवसाला तास तेवढेच, आणि डुकरांना खाद्य घालायचंच असतं.

पेर चालू राहिली. भात जोखीम कमी असलेलं पीक ठरलं, सोयाबीनवर डोळा ठेवावा लागला, रानातली अळिंबी बादच. नव्या जेवणघरात पंगत बसू लागली. दर एप्रिलला नवे पंचवीस-तीस जण येतात, ज्यांना २०११ बद्दल कुणीतरी सांगावं लागतं, आणि आता तर त्यातल्या काहींच्या आठवणीतही ते साल नाही.

वसंतात बांबूचे कोंब निघतात तेव्हा उत्तर तोचिगीतले लोक आजही ते आधी मोजून घेतात. शरदात अळिंबीची पाळी येते. कोंबाचा आकडा बरा आला तर तो घरी शिजतो. अळिंबीचा आकडा ऐकून बरेच जण पिशवी तशीच बंद करतात आणि रानाच्या कडेला परत टाकून येतात.